मिळालेली हमी बातमीत, दिलेली हमी टिपांत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अर्थपानावर पुण्यातल्या एका औषध कंपनीची बातमी चार कॉलमांत आली होती. परदेशातल्या एका बड्या कंपनीने तिच्याशी काही वर्षांचा पुरवठा करार केला, त्यात दरवर्षी ठरावीक माल उचलण्याची हमी आहे आणि त्यामुळे शेअर वधारला, असा मजकूर होता. बातमीत वावगे काही नव्हते. मी लिहिते आहे ते त्याच कंपनीच्या वार्षिक अहवालातल्या एका ओळीबद्दल. या कंपनीने स्वतःच्या कच्च्या मालासाठी एका पुरवठादाराला अगदी अशीच हमी दिली आहे. इतकी वर्षे, दरवर्षी निदान इतका माल घेऊ, आणि नाही घेतला तरी पैसे देऊ. ही हमी अहवालाच्या शेवटच्या टिपांमध्ये 'इतर बांधिलकी' या मथळ्याखाली एका वाक्यात उरकली आहे. सगळ्या वर्षांची मिळून एकच रक्कम. कोणता माल, कोणत्या वर्षी किती, नाही उचलला तर काय, यातले काहीही नाही.

दोन्ही करार एकाच जातीचे आहेत. एकात कंपनी विकणारी आहे, दुसऱ्यात घेणारी, एवढाच फरक. पहिल्याचे पत्रक त्याच संध्याकाळी शेअर बाजाराकडे जाते, आणि दुसरा शोधायला शेवटच्या पानांतला बारीक टाइप चाळावा लागतो. हे बदलायला हवे असे मला मनापासून वाटते. त्यात आपल्यासारख्या वृत्तपत्रांना बरेच करता येईल, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझी नोकरीची वर्षे औषध कंपन्यांच्या खरेदी विभागात गेली, बहुतेक पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात आणि काही काळ कुरकुंभला. आता निवृत्त आहे. थोडेफार शेअर बाळगून आहे, त्यांतले बरेच औषध कंपन्यांचेच, कारण तो धंदा मला कळतो. ऑगस्टमध्ये वार्षिक अहवालांच्या पीडीएफ आल्या की मी त्या मागून वाचायला घेते. आधी संभाव्य देणी, म्हणजे अजून नक्की न झालेली पण पुढे द्यावी लागू शकतील अशी, मग बांधिलकी, मग संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार. अध्यक्षांचे मनोगत सर्वांत शेवटी.

किमान खरेदीची हमी देणे हे पाप आहे असे मी म्हणत नाही, उलट अनेकदा ती द्यावीच लागते. औषधाचा मूळ घटक, ज्याला आम्ही एपीआय म्हणतो, तो आज या व्हेंडरकडून, म्हणजे पुरवठादाराकडून, आणि उद्या त्या व्हेंडरकडून असा घेता येत नाही. नवा व्हेंडर धरायचा तर आधी त्याच्या कारखान्याचे ऑडिट, मग त्याच्या मालातून प्रायोगिक बॅचेस, मग त्या गोळ्या स्टॅबिलिटीला, म्हणजे टिकाऊपणाच्या चाचणीला, लावायच्या. ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या कपाटात सहा महिने ठेवून वेळोवेळी तपासायच्या. त्यानंतर ज्या ज्या देशात औषध विकतो तिथल्या नियामकाकडे कागद. या सगळ्यात वर्ष-दीड वर्ष सहज जाते. दुसऱ्या बाजूने व्हेंडरही माल बनवायचा एक आख्खा रिअॅक्टर तुमच्या मालासाठी अडकवून ठेवतो. तो म्हणणारच, की मी एवढे भांडवल घालतो, तर तुम्ही किती उचलणार ते लिहून द्या. त्याचे बरोबरच असते.

२०२० मध्ये तर हे फारच वाढले. वुहानच्या बातम्या आल्या, चीनमधून येणारा माल अडला, आणि ३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने पॅरासिटामॉलसह २६ मूळ घटकांच्या आणि औषधांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. त्या दिवसांत आमच्या टेबलावर एकच प्रश्न होता, माल मिळेल का? भावाचे कुणी विचारत नव्हते. अशा वेळी व्हेंडर म्हणाला, की पाच वर्षांचे लिहून द्या म्हणजे तुमचा माल आधी काढतो, तर कुठलाही खरेदी अधिकारी सही घेऊनच येणार. ते करार त्या घडीला शहाणपणाचेच होते. पण घडी बदलली आणि करार तेच राहिले.

अशा हमीने जगाचे भलेही झाले आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. न्यूमोनियाची लस गरीब देशांतल्या बाळांना परवडावी म्हणून २००९ मध्ये काही सरकारे आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून १५० कोटी डॉलर बाजूला काढले. 'गावी' (Gavi) या लसीकरणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत, लस तयार झाली तर आम्ही ती ठरल्या दराने घेऊ, असे त्यांनी उत्पादकांना आधीच सांगून ठेवले. दराला साडेतीन डॉलरची कमाल मर्यादा होती. पुढे सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि तिचा दर डोसला दोन डॉलर ठरला. आधी दिलेल्या शब्दाच्या भरवशावर कारखाने उभे राहतात, ही या हमीची ताकद आहे. आणि त्या योजनेत कोण किती देणार, कोणत्या दराने, हे सगळे जाहीर होते. मी मागते आहे तेही एवढेच.

आता किमान खरेदीचे हे कलम कसे चालते ते सांगते. लग्नासाठी कार्यालय ठरवताना केटरर तीनशे पानांची हमी घेतो. पंगतीला सव्वादोनशेच माणसे बसली तरी पैसे तीनशे पानांचे जातात. औषधातही हेच आहे, फक्त पाने टनांत मोजायची आणि लग्न पाच वर्षे चालते असे धरायचे. समजा, एका कंपनीने वर्षाला किमान ६० टन माल २,००० रुपये किलोने घेण्याची हमी पाच वर्षांसाठी दिली. म्हणजे वर्षाला १२ कोटी, एकूण ६० कोटी. दोन वर्षांनी गोळीचा खप उतरला आणि गरज ३५ टनांवर आली. आता दरवर्षी २५ टन, म्हणजे ५ कोटींचा माल एकतर न लागता गोडाऊनमध्ये आणायचा किंवा न घेता त्याचे पैसे भरायचे. तेवढ्यात बाजारात तोच माल १,४०० रुपयांना मिळू लागला, तर जो ३५ टन लागतो त्यावरही किलोमागे ६०० रुपये जास्त, म्हणजे वर्षाला आणखी २ कोटी १० लाख. हे दोन्ही मिळून वर्षाला सात कोटींचा खड्डा आणि अजून तीन वर्षे बाकी. यातला एक रुपयाही त्या दिवशीच्या ताळेबंदात सहसा दिसत नाही, कारण माल अजून आलेला नाही आणि बिलही लागलेले नाही.

काही करारांत एक सवलत असते. यंदा भरलेल्या पैशांचा माल पुढच्या वर्षी, त्या वर्षीचा किमान कोटा उचलल्यानंतर, घेता येतो. वाचायला बरी वाटते, पण ज्याला यंदाचाच कोटा संपत नाही तो पुढच्या वर्षी कोट्याच्या वर काय उचलणार?

न लागता आणलेला माल काय होतो, हे मी जवळून पाहिले आहे. स्टोअरमध्ये माल आला की ड्रमवर पिवळे लेबल लागते, म्हणजे तपासणी बाकी. क्यूसीने, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागाने, पास केला की हिरवे. हिरव्या लेबलावर बॅच क्रमांक, वजन आणि रीटेस्टची तारीख असते. त्या तारखेपर्यंत वापरला नाही तर पुन्हा नमुना काढायचा, पुन्हा तपासायचा. माझ्या माहितीतल्या एका गोडाऊनमध्ये किमान खरेदीच्या एकाच मालाचे ड्रम पॅलेटवर पॅलेट चढवून थेट छतापर्यंत गेले होते. खालच्या रांगेतल्या ड्रमांवर जुन्या हिरव्या लेबलावर नवे, त्यावर आणखी नवे, असे थर साचले होते, कारण दर रीटेस्टला एकेक लेबल वाढत होते. स्टोअरकीपर भला माणूस होता. "मॅडम, हा माल फिरतच नाही," असे तो दर महिन्याच्या स्टॉकच्या कागदावर पेन्सिलीने लिहून पाठवायचा. शेवटी एका बॅचमध्ये अशुद्धतेचे प्रमाण मर्यादेच्या वर निघाले, लाल लेबल लागले आणि माल जाळून नष्ट करायला पाठवावा लागला. त्या वर्षीच्या अहवालात ही रक्कम खर्चाच्या एका मोठ्या ओळीत विरघळून गेली. मूळ कारण करार होता, पण अहवाल वाचणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नव्हता.

मागणी अशी अचानक बसते का, असे कुणी विचारील. औषधात बसते, आणि ज्यावर कंपनीचा काही इलाज चालत नाही अशा कारणांनी बसते. १० मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारने एका फटक्यात ३४४ संयुक्त औषधांवर, म्हणजे एकाहून जास्त मूळ घटक एकत्र असलेल्या औषधांवर, बंदी घातली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथे बंदी रद्द झाली, मग सर्वोच्च न्यायालय, मग फेरतपासणी, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर नवी बंदी. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. रॅनिटिडीन तर घरोघरी असायचे. त्यात कर्करोगाची शक्यता वाढवणारी अशुद्धता सापडली म्हणून एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढून घ्यायला सांगितले. ज्या कुणी त्याचा कच्चा माल वर्षानुवर्षे घेण्याचे लिहून दिले असेल, त्याची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल? आपल्या पुण्याजवळच्या मांजरी इथल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही डिसेंबर २०२१ मध्ये कोव्हिशील्डचे उत्पादन थांबवावे लागले, कारण मागणीच उरली नव्हती आणि कोट्यवधी डोस शिल्लक होते. मॉडर्ना या अमेरिकी कंपनीने करोनाची लाट ओसरल्यावर कोट्यवधी डॉलरचा तोटा 'पक्क्या खरेदी बांधिलकींवरील नुकसान आणि करार रद्द करण्याचे शुल्क' या नावाने आपल्या हिशेबात वेगळा दाखवला. तो आकडा वाचून मला वाईट वाटले, पण मनात पहिला विचार आला तो असा, की निदान त्यांच्या भागधारकांना पैसे कुठे गेले ते कळले.

आपल्याकडे ते का कळत नाही, याचे उत्तर नियमांच्या फटींत आहे, आणि इथे वाचकांनी थोडा धीर धरावा अशी विनंती आहे. आपल्या हिशेबाच्या मानकांत, इंड एएस ३७ मध्ये, असे धरलेले आहे की दोन्ही बाजूंनी अजून काहीच पार पाडले नसेल तर त्या कराराचे देणे ताळेबंदात दाखवायचे नाही. अपवाद एकच, करार तोट्याचा झाला असेल तर. म्हणजे तो पाळण्याचा अटळ खर्च त्यातून मिळणाऱ्या लाभापेक्षा जास्त असेल, तर आजच तरतूद करायची. नियम चांगला आहे. पण तोट्याचा झाला की नाही हे ठरवणारे कोण, तर कंपनीचे व्यवस्थापन. मी ज्या बैठकांना बसले त्यांत युक्तिवाद ठरलेला असायचा. या मालाची गोळी अजून नफ्यात विकली जाते, मग करार तोट्याचा कसा? आणि जो माल उचललाच नाही त्याचे काय, असे विचारले तर, पुढच्या वर्षी उचलू. पुढच्या वर्षी पुन्हा तेच उत्तर मिळायचे.

कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बांधिलकी दाखवायला सांगितले आहे. यंत्रसामग्री आणि बांधकामाच्या करारांची रक्कम वेगळी द्यावी लागते, ती सगळे देतात. त्याखाली 'इतर बांधिलकी, स्वरूप नमूद करावे' अशी एक ओळ आहे. स्वरूप किती नमूद करायचे हे कायदा सांगत नाही, म्हणून काही कंपन्या एक वाक्य लिहितात आणि काही तेवढेही लिहीत नाहीत. देण्यांच्या मुदतीचा जो तक्ता अहवालात असतो, एक वर्षाच्या आत किती, त्यापुढे किती, त्यात बँकेचे कर्ज येते आणि पुरवठादारांची लागलेली बिले येतात. किमान खरेदीचे पुढच्या वर्षांचे पैसे त्यात येत नाहीत. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०१५ च्या नियमावलीत ३० व्या नियमाखाली महत्त्वाचे करार बाजाराला कळवायचे असतात, पण ते नेहमीच्या व्यवहारातले नसतील तर. कच्च्या मालाची खरेदी नेहमीचीच, असे म्हटले की संपले. विक्रीचा करारही तितकाच नेहमीचा असतो, पण तो मात्र कुणी न सांगता कळवला जातो.

ऑडिटरांनाही कायद्याने एक ओळ लिहावी लागते, की दीर्घ मुदतीच्या करारांत दिसू लागलेल्या मोठ्या तोट्यासाठी तरतूद केली आहे की नाही. मी बरेच अहवाल वाचते, आणि बहुतेक ठिकाणी 'असे करार नाहीत' हेच वाक्य तेच शब्द घेऊन येते. ज्या कंपनीच्या टिपेत पानभर पुढे किमान खरेदीची बांधिलकी लिहिलेली असते, तिथेही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मला मान्य आहे. कशावरून ठरवले, एवढे दोन ओळींत सांगायला काय हरकत आहे?

यापुढची पायरी आणखी काळजीची आहे. किमान माल उचलला नाही म्हणून व्हेंडर फरकाचे बिल पाठवतो. कंपनी म्हणते, बंदी आमच्या हातात नव्हती, आम्ही देणे लागत नाही. वाद लवादाकडे जातो. आता तीच रक्कम 'बांधिलकी'च्या ओळीतून उठून 'संभाव्य देणी'च्या ओळीत जाऊन बसते: कंपनीने कर्ज म्हणून मान्य न केलेले दावे. मानकाप्रमाणे पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त असेल तरच तरतूद करायची. म्हणजे वकिलाने शंभरात एक्कावन्न म्हटले तर पूर्ण तरतूद, एकोणपन्नास म्हटले तर ताळेबंदात शून्य आणि टिपेत एक आकडा. अगदीच दुरापास्त म्हटले तर टिपेतही नाही. लवादाची वर्षे जातात आणि ती रक्कम देणे म्हणून कधीच दिसत नाही. मग एका तिमाहीत निकाल लागतो आणि 'अपवादात्मक बाब' म्हणून सगळा नफा धुऊन निघतो. आपल्या पानावर बातमी येते, की अचानक आलेल्या खर्चामुळे नफा घटला. त्यात अचानक काहीच नसते, सही तर कित्येक वर्षांपूर्वी झालेली असते.

बंदीमुळे सुटका होईल या भरवशावर तर राहूच नये. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनर्जी वॉचडॉग खटल्यात स्पष्ट केले, की करार पाळणे महाग पडू लागले एवढ्यावरून कुणी करारातून मोकळा होत नाही. तो खटला इंडोनेशियातून येणाऱ्या कोळशाचा होता, पण तत्त्व सगळ्यांना लागू आहे. एखाद्या औषधावर खुद्द बंदीच आली तर चित्र निराळे असू शकते. तिथे करारातले शब्द काय आहेत यावर सगळे ठरते, आणि ते शब्द भागधारकाला कधीच दिसत नाहीत. गॅसच्या व्यवहारात २०१५ साली पेट्रोनेटने कतारकडून ठरल्यापेक्षा कमी गॅस उचलला, तेव्हा सुमारे १२,००० कोटींच्या दंडाची चर्चा देशभर झाली आणि वर्षअखेरीस वाटाघाटीत तो माफ झाला. सरकारी कंपन्यांचा हात त्यात होता, म्हणून सगळ्यांना कळले. औषध कंपनीचे असे काही असते तर टिपेच्या बाहेर आलेच नसते.

संभाव्य देण्यांकडे दुर्लक्ष केल्याची किंमत या क्षेत्राने मोजलेली आहे. जून २००८ मध्ये जपानच्या दायची सांक्योने रॅनबॅक्सी घ्यायचे ठरवले. सप्टेंबरात अमेरिकेने रॅनबॅक्सीच्या पाओंटा साहिब आणि देवास इथल्या कारखान्यांच्या औषधांची आयात रोखली. डिसेंबर २०११ मध्ये कंपनीला ५० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली आणि २०१३ मध्ये तिने अमेरिकेत गुन्हा कबूल करून तेवढी रक्कम भरली. पुढे सिंगापूरच्या लवादाने, जुन्या मालकांनी महत्त्वाची माहिती दडवली असा निष्कर्ष काढून त्यांना भरपाई द्यायला लावली. एवढी मोठी जपानी कंपनी, हाताशी वकील आणि ऑडिटर असताना, फसते. मग कोथरूडमध्ये बसून शंभर-दोनशे शेअर घेणाऱ्याने काय करायचे?

नीट माहिती देता येते, याची उदाहरणे आपल्याकडेच आहेत. सिप्लाच्या अहवालांत सरकारच्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखालच्या जुन्या मागण्यांची टीप वर्षानुवर्षे येते. नोटीस केव्हाची, कोणत्या औषधाची, कोणत्या न्यायालयात काय झाले, किती रक्कम भरली, हे सगळे त्यात असते. अशी टीप वाचून माणूस स्वतःचे मत बनवू शकतो. तेवढाच तपशील खरेदीच्या हमीबद्दल का नको?

कंपन्यांचे उत्तर मला माहीत आहे. व्यावसायिक गुप्तता. दर उघड झाला तर स्पर्धकाला फायदा होईल. दर कुणी मागितलाच नाही. व्हेंडरचे नावही नको. पुढच्या प्रत्येक वर्षी किती रुपयांची किमान खरेदी बंधनकारक आहे, गेल्या वर्षी त्यातली किती प्रत्यक्षात झाली, न झालेल्याचे काय केले, आणि व्हेंडर प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांच्या, घरातला आहे का, एवढे चार आकडे-उत्तरे द्या. यातला शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रवर्तकाच्या खाजगी कंपनीला किमान खरेदीची हमी मिळाली, की लिस्टेड कंपनीचा खप घटला तरी त्या घरात पैसा जातच राहतो. अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांना खरेदीच्या बांधिलकींचा असा वर्षवार तक्ता वार्षिक अहवालात द्यावा लागत असे. २०२० मध्ये तिथल्या नियामकाने ती सक्ती काढली, आणि मला ते चुकीचे वाटते. पण इतकी वर्षे तो तक्ता देऊन तिथल्या कंपन्या बुडाल्या नाहीत, हे तर दिसले.

या सगळ्याचा भार शेवटी कुणावर येतो, ते मी भोसरीत पाहिले आहे. गोळ्यांच्या कार्टनची छपाई करणारे एक काका होते. दोन मशिने, सात-आठ कामगार, माल कधी उशिरा नाही. ज्या वर्षी परदेशी व्हेंडरला न उचललेल्या मालाचे पैसे भरावे लागले, त्या वर्षी आमच्या अकाउंट्सने छोट्यांची बिले थांबवायला सुरुवात केली. परदेशी व्हेंडरच्या करारात व्याज होते, लवाद होता, पुढचा माल अडवण्याचा हक्क होता. काकांच्या पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, यातले काही नव्हते. कायदा मात्र त्यांच्या बाजूने होता. २००६ च्या कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाही तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मी त्यांना तक्रार करा असे म्हटले. ते म्हणाले, "मॅडम, तक्रार केली तर व्याज मिळेल, ऑर्डर मिळणार नाही." ते खालच्या आवाजात बोलत होते, कारण शेजारच्या टेबलावर अकाउंट्सचा माणूस होता. दिवाळीत त्यांनी कामगारांना बोनस द्यायला घरचे सोने ठेवून पैसे उचलल्याचे मला नंतर कळले. हे कुठल्याच टिपेत येत नाही. म्हणून किमान खरेदी हा फक्त शेअरवाल्यांचा विषय आहे असे कुणी म्हटले की मला राग येतो.

मी सभेतही विचारून पाहिले. करोनापासून बहुतेक कंपन्यांच्या वार्षिक सभा पडद्यावर होतात. आधी नाव नोंदवायचे, मग आपली पाळी आली की दोन-तीन मिनिटे बोलायचे. मी एका कंपनीला विचारले, की बांधिलकीच्या रकमेतील किती पुढच्या वर्षात द्यायची आहे? अध्यक्ष सौजन्याने बोलले. म्हणाले, आपल्या प्रश्नाची नोंद घेतली आहे, सेक्रेटरियल विभाग आपल्याला कळवील. ईमेल आला तो असा, की सर्व माहिती लागू मानकांप्रमाणे अहवालात दिलेली आहे. माझ्या आधी एका गृहस्थांनी लाभांश वाढवण्याची विनंती केली होती, त्यांना सविस्तर उत्तर मिळाले.

संपादक महोदय, माझी सेबीकडे मागणी आहे, की औषध कंपन्यांपासून सुरुवात करून वर्षवार किमान खरेदीचा तक्ता सक्तीचा करावा, आणि विक्रीचा करार जाहीर करणाऱ्या कंपनीला त्याच पत्रकात, त्या मालासाठी आपण कुणाला हमी दिली आहे का, हे सांगायला लावावे. पुण्यातल्या सनदी लेखापालांनीही यावर बोलावे. त्यांच्यातले कितीतरी जण या कंपन्यांच्या ऑडिटमध्ये उमेदवारी करून मोठे झाले आहेत, त्यांना मी लिहिले त्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक आहे.

आपल्याकडे मागणी अगदी छोटी आहे. तिमाही निकालांत या टिपा नसतात, त्या फक्त वार्षिक अहवालात येतात, आणि तो येतो तेव्हा निकालाची बातमी शिळी झालेली असते, म्हणून कुणी उघडत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात एक दिवस अर्थपानाची अर्धी जागा त्याला द्यावी. पुणे परिसरातल्या लिस्टेड औषध कंपन्या, प्रत्येकीची संभाव्य देणी किती, गेल्या वर्षी किती होती, नक्त मालमत्तेच्या किती टक्के, खरेदीची बांधिलकी किती, आणि जिथे ती सांगितलेली नाही तिथे 'सांगितलेली नाही' असे स्पष्ट छापावे. आपल्या वार्ताहराला टिपांतून हे आकडे कुठे आणि कसे शोधायचे ते हवे असल्यास मी कार्यालयात येऊन बसायला तयार आहे. त्याचा मोबदला नको.

आपली,
एक निवृत्त खरेदी अधिकारी
कोथरूड, पुणे